चंद्राक्कांचे नऊ खेळाडू

चंद्राक्का शिट्टी वाजवून माणसांना गप्प करत. नोकरीतून निवृत्त झाल्या, शाळेचं मैदान मागे पडलं, तरी शिट्टी गळ्यात होतीच. लग्नाला जाताना रेशमी साडीवरसुद्धा. कोणी हसलं तर म्हणायच्या, "तुमी सोनं घालता. त्याचा आवाज येतो का?" माझी आणि त्यांची पहिली भेटही शिट्टीनंच झाली. म्हैसूरच्या मराठी समाजाच्या सभागृहात गणपतीचं जेवण होतं. मी ताट घेऊन रांगेत उभा होतो आणि मागे वळून कोणाशी तरी गप्पा मारत होतो. एवढ्यात कानामागे अशी काही शिट्टी वाजली की ताटातला भात सांडायचाच बाकी राहिला. "पुढं सरक," त्या म्हणाल्या. "तुझ्यामुळं अख्खी रांग सुम्ने, उगाच उभी आहे." चाळिशी उलटलेल्या माणसाला असं दटावणारी बाई मला तोवर भेटली नव्हती. मला राग आला, आणि मी पुढे सरकलो.

मी साताऱ्याकडचा. मेटगळ्ळीतल्या एका कारखान्यात नोकरी लागली म्हणून म्हैसूरला आलो आणि हूटगळ्ळीत घर घेऊन बसलो. इथली जुनी मराठी घरं माझ्या कितीतरी आधी आलेली. पिढ्यान्‌पिढ्या कापड रंगवणारी, त्यावर छपाई करणारी ती माणसं. आता रंगाचे माठ गेले; कोणाचं दुकान आहे, कोणी बँकेत आहे, कोणी बस चालवतं. घरात मराठीच बोलतात, पण त्यांच्या वाक्यात कन्नड शब्द हक्कानं पाय पसरून बसलेला असतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मनातल्या मनात त्यांची वाक्यं दुरुस्त करत असे. ती खोड जायला वेळ लागला.

त्या जेवणात माझ्या बायकोनं माझं बिंग फोडलं. मला एक छंद आहे. इंटरनेटवर जो मुक्त ज्ञानकोश आहे, जो कोणीही वाचावा आणि कोणीही लिहावा, त्यात मी मराठीतून लेख लिहितो. महाराष्ट्रातल्या घाटरस्त्यांवर. एकटा बसतो, एकेक वळण नोंदवतो, कोणाशी बोलावं लागत नाही, हेच मला त्यातलं सुख. बायकोनं हे अक्कांना सांगितलं आणि अक्कांनी माझ्या हातातलं ताट काढून बाजूला ठेवलं.

"कोणीही लिहितं म्हणजे कोण?"

"कोणीही. अगदी तुम्हीसुद्धा."

"मग आमच्या रंगाऱ्यांचं काय लिहिलंय, दाखव."

मी फोनवर शोधलं. राजवाडा होता, रेशीम होतं, चंदन होतं. रंगारी नव्हते. "अजून कोणी लिहिलेलं नाही," मी म्हणालो.

"कोणी म्हणजे कोण? आत्ताच म्हणालास की आमीसुद्धा म्हणून!" मग त्यांनी माझं ताट माझ्या हातात परत दिलं. "रविवारी सकाळी हिनकलला माझ्या घरी ये. लॅपटॉप घेऊन ये. बेगा, लवकर ये, दहाला मला झोप येते."

झोप वगैरे काही येत नव्हती, हे मला पुढे कळलं. मुलींच्या शाळेत त्यांनी खो-खो शिकवण्यात हयात घालवली होती. वेळेवर बोलवायचं असेल तर त्या असंच काहीतरी सांगत.

रविवारी गेलो तर त्यांच्या पुढच्या खोलीत आठ खुर्च्या एका ओळीत मांडलेल्या. एक पूर्वेला तोंड करून, पुढची पश्चिमेला, पुन्हा पूर्वेला. टोकाला टेबल. खुर्च्यांवर समाजातली मंडळी पाठ ताठ करून बसलेली. फोटोंच्या चौकटी बनवणारे वसंतराव होते, आवाज फुटका आणि मत पक्कं. लोणची आणि मसाले करून विकणाऱ्या सुंदराबाई होत्या, ज्यांना मी त्याआधी एक शब्द बोलताना ऐकलं नव्हतं. बाकी कोणी निवृत्त, कोणी निवृत्तीच्या वाटेवर. आठ बसलेले आणि उभ्या अक्का, असे नऊ. खो-खोचा पूर्ण संघ.

लॅपटॉप एकच, माझा. अक्कांची पद्धत अशी : एकानं टेबलाशी जायचं, आपल्या खात्यातून आत शिरायचं, आपल्याला ठाऊक असलेलं एक वाक्य लिहायचं, खातं बंद करायचं, परत येऊन ओळीतल्या कोणाच्या तरी पाठीवर थाप मारून 'खो' म्हणायचं आणि त्याच्या खुर्चीत बसायचं. ज्याला खो मिळाला तो उठणार. मी म्हटलं, अक्का, हे काम घरी बसून, आपापल्या फोनवर निवांत करायचं असतं. त्या म्हणाल्या, "निवांत बसवलं की माणूस भितो. आपल्याला काय येतंय, असा विचार करत राहतो. पाठीवर थाप पडली की उठतोच." आणि खरोखर, घरी एक अक्षर न लिहिणाऱ्या सुंदराबाई थाप पडताच उठत आणि एका बोटानं का होईना वाक्य पुरं करून येत.

मैदानाचे नियम दोन. पहिला, बसलेल्यानं झोपायचं नाही, "बसलेला खेळाडूपण खेळतच असतो." दुसरा, मैदानात वाद नाही. कोणी "असं नव्हतं हो ते" म्हणून तोंड उघडलं की शिट्टी. बोलायचं असेल ते आपल्या पाळीत लिही. या दुसऱ्या नियमानं पुढे काय करून ठेवलं ते सांगतोच.

समाजातल्या मोठ्यांनी नाकं मुरडली. आमच्या पोरांना मराठी वाचता येत नाही, कोणासाठी लिहिता, असं एकानं भर सभेत विचारलं. अक्का म्हणाल्या, "वाचणारा येईल तेव्हा पान रिकामं नको." त्यावर तो गृहस्थ आणखी काही बोलणार होता, पण शिट्टी वाजली.

मध्येच मी वडिलांच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी साताऱ्याला गेलो. लॅपटॉप हिनकललाच ठेवला. परत येऊन पाहतो तर मंडळींनी जुनी खाती टाकून नवी उघडलेली. नावं काय? म्हैसूर खेळाडू १, म्हैसूर खेळाडू २, असं थेट नऊपर्यंत. मी कपाळावर हात मारला. "अक्का, ही एकाच माणसाची खाती वाटतात. तिथे एका माणसानं अनेक नावं घेणं हा मोठा गुन्हा आहे."

"आमी नऊ आहोत. तुला दिसत नाही?"

"मला दिसता. त्यांना दिसत नाही."

"नंबर नसलेला खेळाडू मी मैदानात घेत नाही," अक्का म्हणाल्या. "तुझा दहा. राखून ठेवलाय."

मी नको म्हणालो. माझं खातं जुनं, नाव स्वच्छ, घाटांच्या लेखांना चार माणसं ओळखत. मला ओळीत बसायचं नव्हतं. मी टेबलाजवळ उभा राहून तारा जोडेन, चुका दाखवेन, एवढंच. अक्कांनी डोळे बारीक करून पाहिलं. "म्हणजे तू बाहेरून टाळ्या वाजवणार. बरं."

'म्हैसूरचे रंगारी' हा लेख मात्र वाढत होता. माठ कसे पुरत, कापड आधी हिरड्यात का भिजवत, ठशाला इथे अच्चु का म्हणतात, सगळं येत होतं. मग निळीची पाळी आली. रंगाऱ्यांच्या घरात एक जुनी रीत होती. माठातली नीळ नासली, रंग धरेना, की घरातलं कोणीतरी बाहेर जाऊन एक मोठी थाप सोडून येई. साधी नाही, गावभर पसरेल अशी. ती वावडी जितकी लांब जाईल तितकी नीळ लवकर सुधारते, असा समज. अक्कांनी स्वतः पहिलं वाक्य लिहिलं : नीळ नासल्यास रंगारी गावात खोटी बातमी पसरवत. आणि खो दिला.

वसंतरावांनी पुढे जोडलं : उदाहरणार्थ, तळ्यात मगर निघाल्याची बातमी. त्यांच्यानंतरच्यानं वाचलं, त्याच्या घरी मगर नव्हती. पण मैदानात वाद नाही. त्यानं गुपचूप मगर पुसली आणि लिहिलं की मंड्याहून आलेला गूळ खारट निघाला. सुंदराबाईंनी गूळ पुसून राजवाड्यातल्या हत्तिणीला जुळी झाली असं लिहिलं. हत्तीण गेली, आंधळा वाघ आला. वाघ गेला, पुन्हा मगर. खोलीत कसं शांत! टाचणी पडली तर ऐकू येईल. सगळं भांडण त्या एका वाक्यात चाललं होतं, आणि आपला संघ शिस्तीत खेळतोय म्हणून अक्का खूश होत्या.

ज्ञानकोशाची राखण करणाऱ्याला प्रचालक म्हणतात. तोही आपल्यासारखाच बिनपगारी. पुण्याकडच्या एका प्रचालकाला काय दिसलं असेल पाहा : ओळीनं नंबर घातलेली नऊ खाती, एकाच जागेवरून, एकामागून एक येतात आणि एकाच वाक्यात कधी मगर तर कधी हत्तीण सोडून जातात. आणि वाक्य कशाबद्दल, तर थापा मारण्याबद्दल! त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. नऊच्या नऊ खाती बंद झाली, लेख पुसला गेला. वर पाटी लागली : ही सर्व खाती एकाच व्यक्तीची असून खोडसाळपणासाठी वापरली गेली आहेत.

मी ते अक्कांना वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

"म्हैसुरात आमाला मराठी म्हणून वेगळं काढतात," अक्का सावकाश म्हणाल्या. "कोल्हापूरला सोयऱ्यांकडं गेलं की म्हणतात, आले कानडी. तेवढं चालतंय. साकु, पुरे तेवढंच. पण हा कोण, जो म्हणतो आमी नाहीच म्हणून?"

मी त्या प्रचालकाला पत्र लिहिलं. माझी त्याची जुनी ओळख, घाटांमुळे. माणूस भला होता. त्यानं लगेच उत्तर दिलं : तुमच्यावर विश्वास आहे, पण ती खाती सुरू करता येणार नाहीत, त्या मंडळींनी तुम्हाला सांगावं आणि तुम्ही तुमच्या खात्यावरून लिहावं. मला ते पटलं. लेख तर परत येणार होता. आनंदानं हिनकलला गेलो आणि सांगितलं.

अक्कांनी मला बस म्हटलं नाही.

"आठ माणसं बसवून तू एकटा पळणार? याला खो-खो म्हणतात?"

"अक्का, लेख राहील. लेख महत्त्वाचा."

"लेख गेला तर परत लिहू. सुंदरा सांगणार आणि तू लिहिणार, मग सुंदरा कोण? तुझ्या वाक्यातली हत्तीण?" त्यांचा आवाज चढला होता. "त्याला सांग, नियम दाखव. कुठल्या नियमात लिहिलंय की एका घरात बसून नऊ माणसांनी लिहू नये? नऊ माणसं आहेत की नाहीत एवढंच बघायचंय ना? बघू दे. टीव्हीवर बोलव त्याला."

टीव्हीवर म्हणजे व्हिडिओ कॉलवर. प्रचालक कबूल झाला. रविवारी मी लॅपटॉप उंच स्टुलावर ठेवला. ओळ नेहमीसारखी, एक पूर्वेला एक पश्चिमेला, त्यामुळे त्याला चार माणसांचे चेहरे आणि चार माणसांच्या पाठी दिसत होत्या. मी म्हटलं, आज तरी सगळे एकीकडे तोंड करा. अक्का म्हणाल्या, "आमी असेच बसतो."

तो पडद्यावर आला. तरुण होता, थोडा अवघडलेला. नमस्कार झाले. त्यानं रास्त शंका काढली. म्हणाला, तुम्ही नऊ जण आहात हे दिसतंय. पण नऊ जण एकाच्याच सांगण्यावरून लिहीत असतील तर ते एकच खातं झालं. मला कसं कळावं की हे सगळं या शिट्टीवाल्या बाईच लिहून घेत नाहीत? मग सहज विचारावं तसं विचारलं, "यातली मगर कोणाची?"

वसंतरावांनी हात वर केला.

"आणि हत्तीण?"

सुंदराबाई पाठमोऱ्या होत्या. त्या खुर्चीत वळल्या. "माझी," त्या म्हणाल्या. "गूळ पुसून मीच लिहिली. मगर आमी कधी ऐकली नाही."

"ऐकली नाही म्हणजे?" वसंतराव उसळले. "माझ्या चुलत्यानं उठवलेली मगर! अर्धं गाव तळ्यावर गेलं होतं. हत्तीण सुळ्ळु आहे, शुद्ध थाप!"

"सुळ्ळुच की!" सुंदराबाई उभ्या राहिल्या. "सुळ्ळु होती म्हणून तर नीळ सुधारली!"

"तुमचं सुळ्ळु खोटं. आमचं सुळ्ळु खरं!"

आणि मग बांध फुटला. गूळवाले उठले, वाघवाले उठले. इतके रविवार गिळून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. कोणाच्या माठात कोणी पाणी जास्त घातलं होतं, कोणाची नीळ मुळात सुधारलीच नव्हती, कोणाच्या आजोबांनी दुसऱ्याच्या घरची थाप चोरली होती, मराठीत, कन्नडमध्ये, दोन्ही एका श्वासात. मी घाबरून अक्कांकडे पाहिलं. त्यांचा हात शिट्टीवर गेला होता. शिट्टी ओठांपर्यंत आली. मग त्यांनी ती मुठीत घट्ट धरली आणि मूठ खाली घेतली.

पडद्यावर तो पोरगा हसत होता. हसता हसता त्यानं चष्मा काढून डोळे पुसले. "पुरे, पुरे," तो म्हणाला. "एक माणूस स्वतःशी एवढा भांडू शकत नाही."

खाती सुरू झाली. त्यानं सांगितलं की नावं बदलली तर बरं. अक्का म्हणाल्या, नंबर बदलणार नाही. मग प्रत्येकानं आपल्या सदस्यपानावर आपण कोण ते लिहावं आणि वाद लेखात न घालता लेखाच्या चर्चेच्या पानावर घालावा, एवढ्यावर मिटलं. लेख परत आला. निळीचं वाक्यही राहिलं, कोणत्या वावड्या यावर मतभेद आहेत असं जोडून. फक्त त्यापुढे 'संदर्भ हवा' अशी खूण लागली, कारण छापील पुस्तकातला आधार आमच्याकडे नव्हता. ती खूण दिसली की अक्का वसंतरावांकडे बोट करत. "संदर्भ हवा? हा काय. गुडघा दुखतोय म्हणून बसलाय."

मी त्यांना नंतर विचारलं, त्या दिवशी शिट्टी का वाजवली नाहीत? त्या म्हणाल्या, "वाजवली असती तर सगळे गप्प झाले असते. मग तो म्हणतो तसं आमी एकच झालो असतो, अल्वा?" त्यानंतर मैदानात वाद करायची मुभा मिळाली. चहा दुप्पट लागायला लागला.

पुढे त्यांना पोटाचा आजार झाला. दवाखान्यातही शिट्टी होती. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीवर एक वॉर्डबॉय ओरडला, तेव्हा ती वाजली आणि अख्खा मजला गोळा झाला. डॉक्टर रागावले. अक्का म्हणाल्या, "त्याला आधी विचारा, मग मला." शेवटी वॉर्डबॉयनं माफी मागितली.

मी भेटायला गेलो तेव्हा चेहरा उतरला होता, पण डोळे तेच. बाजूला कोणी नाही असं पाहून म्हणाल्या, "आमच्या घरची तुला ठाऊक नाही."

"कोणती?"

"नीळ नासली तेव्हा माझ्या आत्यानं उठवलेली. चामुंडीवरचा नंदी आहे ना, तो उठला आणि तोंड फिरवून बसला. लोक डोंगर चढून बघायला गेले होते, नोड!" हसताना त्यांना त्रास होत होता, तरी हसल्या.

"मग लिहिलं का नाहीत?"

"पहिली मी बसले ना लिहायला. संघ बांधणाऱ्यानं आपल्या घरचं पुढं करू नये." जरा थांबून म्हणाल्या, "आता तू लिही. दहा नंबर राखलाय. कोणी काढलं तर परत लिही. आणि रविवार चुकवायचा नाही. सुतक घरात. मैदानात नाही."

अक्का गेल्या. मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. या परक्या गावात मला दटावणारं माणूस उरलं नाही.

पुढच्या रविवारी त्यांच्या भाचीनं खोली उघडून दिली. सवयीनं कोणीतरी आठ खुर्च्या मांडल्या. शिट्टी टेबलावर ठेवलेली. अक्कांसारख्या सुंदराबाई न बसता थेट टेबलाशी गेल्या, आपलं वाक्य लिहून आल्या आणि खो द्यायला ओळीतल्या पुढच्या खुर्चीमागे थांबल्या. आता बसणारे सातच, ती खुर्ची रिकामी होती. त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर पडला आणि हलकेच 'खो' म्हणून झालं. मग त्यांच्या लक्षात आलं. त्या तशाच उभ्या राहिल्या.

मी टेबलाजवळ होतो, तारा जोडत. खो मिळायचा तर आधी ओळीत बसावं लागतं. मी गेलो, त्या खुर्चीत सुंदराबाईंकडे पाठ करून बसलो. पाठीवर थाप पडली, चांगली जोरात. "खो!"

उठलो. माझ्याच खात्यातून आत शिरलो, त्याच जागेवरून, त्याच ओळीतून, बंद करायचं तर आता मलाही करा म्हणून. सदस्यपानावर घाटांच्या यादीच्या वर लिहिलं : म्हैसूर खेळाडू १०. मग रंगाऱ्यांचा लेख उघडला आणि मतभेदांच्या वाक्यानंतर घातलं की एका घरात, चामुंडी टेकडीवरचा नंदी उठून तोंड फिरवून बसला, अशी वावडी उठवली गेली होती. 'संदर्भ हवा' ही खूण माझी मीच लावली.

वसंतराव गुडघा धरून उठले आणि माझ्या खांद्यावरून वाचू लागले.

"नंदी?" ते म्हणाले. "सुळ्ळु! अक्काच्या घरचा नंदी नव्हता. नंदी आमच्या मावशीचा!"

"मावशीचा कसला?" मागून सुंदराबाई कडाडल्या, आणि सगळे खुर्च्यांवरून उठले. शिट्टी माझ्या हाताशी होती. मी तिला हात लावला नाही.